स्ट्राइकच्या सहाव्या पुस्तकात अडकलेय, पुढे ढकलू का सोडून देऊ?

वनाझ_ते_रामवाडी:

नमस्कार लोकहो, प्रश्न थोडा लांबलचक होणारे, सांभाळून घ्या.

कॉर्मरन स्ट्राइकची मालिका वाचतीये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लंडनमधली एक छोटीशी खासगी डिटेक्टिव्ह एजन्सी, मालक स्ट्राइक म्हणजे मिलिटरी पोलिसातून बाहेर पडलेला, अफगाणिस्तानात अर्धा पाय गेलेला माणूस, आणि रॉबिन, जी टेम्पररी सेक्रेटरी म्हणून आठवडाभरासाठी येते ती परत जातच नाही. लेखक रॉबर्ट गॅलब्रेथ म्हणजे आपल्या हॅरी पॉटरवाल्या रोलिंगबाई. पहिलं पुस्तक २०१३ ला आलं, आठवं २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, आणि गाडी अजून थांबलेली नाही.

तर पहिली चार मी मेट्रोत येता-जाता संपवली, दोनदा तर माझं स्टेशन मागे गेलं. पाचवं 'ट्रबल्ड ब्लड' एवढं जाडजूड असूनही आवडलं, चाळीस वर्षांपूर्वी गायब झालेली डॉक्टर आणि तिची मुलगी एजन्सीला एका वर्षाची मुदत देते वगैरे, मस्त होतं. पण सहावं 'द इंक ब्लॅक हार्ट' घेतलंय आणि तिथे गाडं पार रुतलंय. एका ऑनलाइन गेममधल्या लोकांचे चॅट आहेत, पानंच्या पानं, ते पण शेजारी शेजारी रांगांमध्ये छापलेले, आणि मी किंडलवर वाचत असल्याने अक्षरं मुंगीएवढी. झूम केलं की डावी रांग दिसते उजवी गायब, उजवीकडे सरकवलं की डावीत काय होतं ते विसरले. त्यात प्रत्येकाचं टोपणनाव वेगळं, कोण कोणाशी बोलतंय कळेना. गरवारेला बसायला जागा मिळते तेव्हा उघडते आणि सिव्हिल कोर्ट येईपर्यंत बंद करून इन्स्टा बघत बसते, ही अवस्था आहे.

प्रश्न असे की
सहावं सोडून डायरेक्ट सातवं घेतलं तर चालेल का, काही अडेल का?
तुम्ही लोक ही हजार हजार पानं नक्की कशासाठी वाचता? खुनी कोण हे कळायला एवढं लागतं का?
आणि तिसरं अवांतर, एकटा हुशार डिटेक्टिव्ह नको, अशी चार लोकांची एजन्सीच असलेलं आपल्याकडचं काही आहे का? इंग्रजी मराठी काहीही चालेल.

स्पॉयलर नकोत प्लीज. खरंच नकोत.


सदाशिव_पेठी:

दोष पुस्तकाचा नाही, यंत्राचा आहे. ही कादंबरी किंडलवर वाचायची नसते, विषय संपला.

कागदावर ते चॅट नीट दिसतात. एकाच वेळी एकाच गेममध्ये दोन-दोन तीन-तीन खासगी गप्पा चालू आहेत, म्हणून त्या शेजारी शेजारी छापल्यात, म्हणजे एक माणूस इकडे गोड बोलतोय आणि त्याच मिनिटाला तिकडे त्याच माणसाबद्दल विष ओकतोय हे तुम्हाला दिसलं पाहिजे. ती गंमत फोनवर मरते. ऑडिओबुकातही मरणारच, दोन रांगा एकदम ऐकणार कशा?

वाचायची पद्धत सांगतो. आधी डावी रांग पान संपेपर्यंत सरळ खाली वाचायची, मग वर येऊन उजवी. आडवं वाचायला गेलात की संपलात. एका कागदावर टोपणनावं लिहून ठेवायची आणि समोर संशय लिहायचा, चुकला की खोडायचा. हे गृहपाठासारखं वाटत असेल तर वाटू दे, एजन्सीची माणसं स्वतः तेच करताहेत त्या पुस्तकात.

आणि सिग्नलला शंभर-दीडशेला मिळते ती कॉपी घेऊ नका. माझ्या भाच्याने आणली होती, चॅटची पानं इतकी पुसट की त्याला वाटलं मुद्दाम सस्पेन्ससाठी केलंय.

सहावं सोडून सातवं वाचता येईल का, तर केस म्हणून येईल. प्रत्येक केस त्या त्या पुस्तकात मिटते. पण स्ट्राइक आणि रॉबिनचं जे काय चाललंय त्यात मधला एक जिना गायब होईल. तो नसला तर चालत असेल तर खुशाल सोडा.


हिशेबनीस:

तुमचा दुसरा प्रश्न आवडला म्हणून लिहितोय, नाहीतर मी इथे नुसताच वाचणारा.

मी धंद्याने अकाउंट्सवाला, लहान लहान फर्म्सची पुस्तकं लिहितो. ही मालिका मी खुनासाठी वाचतच नाही, मी ती एजन्सी चालते कशी हे बघायला वाचतो. तशी वाचून बघा एकदा, हजार पानं खटकणार नाहीत.

पहिल्या पुस्तकात स्ट्राइकची अवस्था आठवा. बाप रॉकस्टार, त्याच्याकडून कर्ज घेऊन ऑफिस टाकलेलं, आणि बापाचा वकील हप्त्यासाठी फोनवर फोन करतोय. राहायला घर नाही म्हणून ऑफिसातच कॅम्पबेड टाकून झोपतो आणि सकाळी रॉबिन यायच्या आत घडी करून लपवतो. सेक्रेटरी एजन्सीतून पाठवलेली, तिचे पैसे कुठून द्यायचे हा प्रश्न, आणि तेवढ्यात सुपरमॉडेलच्या बाल्कनीतून पडण्याची केस घेऊन तिचा भाऊ येतो. स्ट्राइकला मनातून वाटतंय की ही आत्महत्याच आहे, पोलिसांनी सगळं बघून झालंय, यात काही नाही. तरी केस घेतो, का तर पैसे हवेत! मला तिथेच हा माणूस पटला. डिटेक्टिव्ह कथेत भाडं कोण भरतंय हे कधी कोणी सांगतं का? होम्सला बेकर स्ट्रीटची खोली परवडत नव्हती म्हणून वॉटसन पार्टनर आला, पण ते पहिल्या गोष्टीपुरतं, मग राजेमहाराजे येऊन सोन्याच्या डब्या देऊन जातात.

इथे तसं नाही. दुसऱ्या पुस्तकात पहिल्या केसमुळे नाव झालंय, मग श्रीमंतांच्या घटस्फोटाची कामं येतात, बोअर कामं पण चेक वटतात. तिसऱ्यात कुरिअरने रॉबिनच्या नावाने एका बाईचा तोडलेला पाय येतो, हे पुस्तकाच्या सुरुवातीलाच आहे त्यामुळे स्पॉयलर धरू नका, पेपरात बातमी येते आणि क्लायंट पळतात. लेखिका ते फार छान दाखवते, खुनी कोण याच्या आधी महिनाअखेरीला काय करायचं ही भीती. चौथ्यात बाहेरची माणसं कामाला घ्यावी लागतात, पण मालकाचा चेहरा एव्हाना प्रसिद्ध झालाय आणि सहा फूट तीन इंचाचा लंगडणारा माणूस पाठलागाला काय कामाचा, म्हणून रॉबिनला पार्लमेंटमध्ये वेगळं नाव घेऊन शिरावं लागतं. म्हणजे धंदा वाढला की मालकच निरुपयोगी होतो. हे मी माझ्या क्लायंट्समध्ये रोज बघतो हो!

पाचव्यात तर ड्युटीचं वेळापत्रक हेच एक पात्र आहे. डॉक्टरची जुनी केस आहेच, पण तिच्या जोडीला चार फुटकळ केसेस चालू, त्यातला एक क्लायंट आठवतोय का, ज्याला ऑफिसात टू-टाइम्स म्हणतात? दर नव्या मैत्रिणीच्या मागे एजन्सी लावतो, आणि ती फसवत नाहीये असं कळलं की साहेब नाराज. असला गिऱ्हाईक सोन्याचं अंडं देणारा, त्याला नाही म्हणता येत नाही. कोणीतरी आजारी पडलं की रॉबिन रात्री उशिरापर्यंत गाडीत बसून, सकाळी परत डॉक्टरची फाइल. सुट्ट्या कुणाला द्यायच्या यावरून भांडणं. ऑफिस सांभाळायला पॅट नावाची बाई येते, खर्जातला आवाज, तोंडात ई-सिगारेट, तिचं टायपिंग आणि तिची बिलं बघून मला आमच्या ऑफिसातल्या बाई आठवतात, त्या रजेवर गेल्या की आम्ही सगळे पोरके.

आणि तुम्ही जिथे अडकलात त्या सहाव्याची सुरुवातच बघा ना. एक मुलगी घाबरलेली एजन्सीत येते, माझा छळ करणाऱ्याला शोधून द्या म्हणते, आणि रॉबिन तिला परत पाठवते. का? कारण माणसं नाहीत, वेटिंग लिस्ट भरलीये. मग ती मुलगी हायगेटच्या स्मशानभूमीत मेलेली सापडते. अख्खं पुस्तक या एका 'आत्ता जमणार नाही' वर उभं आहे. त्या चॅटमधून जाताना मला सतत हेच टोचत होतं की ही केस त्यांनी आधी घेतली असती तर. ते डोक्यात ठेवून वाचा.

जाता जाता: एजन्सी डेन्मार्क स्ट्रीटवर आहे ती गल्ली खरी आहे, गिटारच्या दुकानांची. पहिल्या पुस्तकात तिथे शेजारी नव्या रेल्वेसाठी रस्ता खणून ठेवलेला, पत्रे लावलेले, क्लायंट चिखलातून वाट काढत येतात. मी ते वाचलं तेव्हा आमचं ऑफिस मंडईपाशी होतं आणि समोर मेट्रोचे पत्रे. आमच्याकडे क्लायंट येईनासे झाले होते ते मात्र पुस्तकात नाही.


कर्वेरोड_कंटाळा:

सगळे स्तुती करताहेत तर एक मीठाचा खडा टाकतो, हलके घ्या.

पहिलं पुस्तक साडेचारशे पानांच्या आसपास. पाचवं नऊशेच्या वर. सहावं हजारच्या वर. प्रकाशकाकडे संपादक म्हणून कोणी नोकरीला आहे का नाही? बाईंना सांगणार कोण, हा प्रश्न आहे. नाव लपवून लिहिलं तेव्हा पुस्तक आटोपशीर होतं, नाव फुटल्यावर सुटलंच. टोपणनावाचा तो किस्सा ठाऊक असेलच, २०१३ च्या जुलैमध्ये संडे टाइम्सने बातमी फोडली, तोवर पुस्तकाचं कौतुक झालेलं पण खप बेताचाच, आणि नाव कळल्यावर एका रात्रीत गठ्ठेच्या गठ्ठे. माझं म्हणणं एवढंच की टोपणनावातली रोलिंग जास्त चांगली लेखिका होती.

हिशेबनीस म्हणतात तो हिशेब मलाही आवडतो, पण टू-टाइम्सचा पाठलाग मला पन्नास पानं कशाला? शेवटी खऱ्या केसचा धागा सापडतो तेव्हा मी संशयितांची नावं विसरलेलो असतो. तिसाव्या प्रकरणात ज्याने चहा दिला तो सत्तराव्यात महत्त्वाचा. आणि त्या दोघांचं 'सांगू का नको' हे दहा वर्षं चालू आहे, माझ्या चुलत बहिणीचं ठरलं, लग्न झालं, पोरगं शाळेत गेलं.

प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर कवितेच्या ओळी कशाला ते पण सांगा कोणीतरी. एका पुस्तकात इब्सेनचं नाटक, एकात स्पेन्सर, एकात रॉक बँडची गाणी, सातव्यात तर चिनी शकुनाचं पुस्तक. मी सरळ पुढे जातो.

आपल्याकडे सुहास शिरवळकर होते की. पुण्याचाच माणूस. 'दुनियादारी'मुळे आता सगळे ओळखतात पण त्याच्याआधी रहस्यकथांचा रतीब घातला होता त्यांनी. दारा बुलंद, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, बॅरिस्टर अमर विश्वास. एका दुपारी एक पुस्तक. आमच्या गल्लीतल्या लायब्ररीत भाड्याने मिळायची, मागची पानं फाटलेली निघाली तर खुनी कोण हे लायब्ररीवाल्या काकांना विचारायचं, ते गल्ल्यावरून मान वर न करता सांगायचे. त्याच्याही आधी बाबूराव अर्नाळकर, हजारावर कादंबऱ्या, झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू. माझे आजोबा दिवाणखान्यात ज्ञानेश्वरी ठेवायचे आणि उशीखाली अर्नाळकर.


वनाझ_ते_रामवाडी:

बापरे एवढे प्रतिसाद! सदाशिव पेठी, पद्धत करून बघते, आडवंच वाचत होते मी आत्तापर्यंत.

हिशेबनीस दादा, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून लावावा असा आहे. मला एवढं कळत नव्हतं पण हो, मला पण पॅट आली की बरं वाटतं.

कंटाळा, तुम्ही आठही वाचलीत म्हणजे, एवढी नावं ठेवून? 😄

आणि मला एक सांगा, पुण्यात अशी एजन्सी चालेल का हो? म्हणजे बोर्ड दिसतात, लग्नाआधी चौकशी करून मिळेल वगैरे. ते नक्की काय करतात?


निवृत्त_पण_निवांत:

या विषयावर बोलायचा थोडा अधिकार आहे म्हणून लिहितो. बँकेत लागायच्या आधी मी काही वर्षं एका चौकशी करणाऱ्या फर्मसाठी फिरायचो. नाव विचारू नका. आमचा धंदा म्हणजे निम्मं काम नोकरीच्या उमेदवारांची माहिती खरी का खोटी बघणं आणि निम्मं काम स्थळांची चौकशी. खून वगैरे काही नाही. खासगी डिटेक्टिव्हला खुनाची केस मिळते हे फक्त पुस्तकात.

काम असं असायचं. धनकवडीत एक मुलगा, मुलीकडचे विचारताहेत की स्वभाव कसा, व्यसन आहे का, घर स्वतःचं का भाड्याचं. सोसायटीत जाऊन वॉचमनला विचारून उपयोग नाही, तो लगेच वर फोन करतो. इस्त्रीवाला पकडायचा. कुठल्या घरात किती माणसं, कोण कधी गावाला गेलं, कोणाचे शर्ट अचानक येईनासे झाले, सगळं त्याला ठाऊक. मी एका मुलाचं पहिलं लग्न झालेलं इस्त्रीवाल्याकडूनच काढलं होतं, तो सहज म्हणाला, 'साडीची इस्त्री वर्षभर होती, मग बंद झाली.' त्या घरात आई नेसायची नऊवारी, ती इस्त्रीला जातच नव्हती. मुलीकडच्यांनी पैसे दिले आणि वर पेढे पण दिले, लग्न मोडलं म्हणून पेढे घेतलेला मी एकटाच असेन.

म्हणून स्ट्राइक वाचताना मला त्यातली पाळत फार खरी वाटते. तासन् तास काहीही घडत नाही. चहा प्यायला तर लघवीला जावं लागतं आणि तेवढ्यात माणूस निघून जातो. एकट्याने पाठलाग होत नाही, दोन माणसं तरी हवीत, हे त्या पुस्तकात बरोबर दाखवलंय. फक्त लंडनला ते लोक ट्यूबने आणि गाडीने जातात, इथे लक्ष्मी रोडला गाडीतून कोणाचा पाठलाग करून दाखवा. टू-व्हीलरच पाहिजे. आणि रॉबिन जी दरवेळी विग, चष्मा, रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स लावून वेषांतर करते ना, तिला पुण्यात काही लागलं नसतं. ॲक्टिव्हा, डोळे सोडून सगळं झाकणारा स्कार्फ आणि कोपरापर्यंतचे हातमोजे. सख्खी आई ओळखणार नाही. डेक्कनच्या सिग्नलला अशा तीस रॉबिन उभ्या असतात.

कायद्याचं म्हणाल तर गंमत आहे. आपल्याकडे सिक्युरिटी गार्ड पुरवायला २००५ च्या कायद्याने लायसन लागतं, पण डिटेक्टिव्ह एजन्सीला स्वतंत्र लायसन नाही. २००७ मध्ये त्यासाठीचं बिल राज्यसभेत आलं होतं, कायदा काही झाला नाही. इंग्लंडातही तसंच, २००१ च्या कायद्यात खासगी डिटेक्टिव्हच्या लायसनची सोय आहे पण ती लागूच केलेली नाही. त्यामुळे स्ट्राइकसारखा माणूस पाटी लावून बसू शकतो, आणि उद्या तुम्हीसुद्धा.

पण पाटी लावली म्हणजे अधिकार मिळाला असं नाही, इथेच नवी पोरं फसतात. डिटेक्टिव्हला सामान्य नागरिकापेक्षा एक पैचा जास्त अधिकार नाही. कोणाचे कॉल रेकॉर्ड काढणं हे फक्त तपास यंत्रणांचं काम, २०१८ ला ठाणे पोलिसांनी कॉल रेकॉर्ड विकणारं रॅकेट पकडलं त्यात काही खासगी डिटेक्टिव्हही आत गेले. पुस्तकात हे ताणतात थोडं. चौथ्यात पार्लमेंटच्या ऑफिसात आवाज टिपायचं यंत्र बसवतात ते वाचताना माझ्याच पोटात गोळा आला, कारण २०१२ चा काळ दाखवलाय, म्हणजे तिकडे पत्रकारांनी फोन हॅक केल्याचं प्रकरण ऐन रंगात, खासगी डिटेक्टिव्ह बदनाम झालेले. त्यांना स्वतःलाही ते कळतंय हे लेखिकेने सोडलेलं नाही, ते मला आवडलं.

बाकी सातवं वाचाच. पंथातल्या लोकांची शेती आहे नॉरफोकात, रॉबिन आत शिरते, आणि बाहेर निरोप पोचवायचा तर कुंपणाशी ठेवलेल्या प्लास्टिकच्या खोट्या दगडात रात्री चोरून चिठ्ठी टाकायची. मोबाइल नाही, काही नाही. त्या दगडाजवळ जायची प्रत्येक रात्र वाचताना मी उठून बसत होतो. ब्लडप्रेशरवाल्यांनी दिवसा वाचावं.


टेकडीवरून_उशिरा:

उशिरा आले धाग्यावर. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलंच नाही, शिरवळकर-अर्नाळकर झाले पण ते एकांडे शिलेदार, ताईंना एजन्सी पाहिजे.

टार्क्विन हॉलची विश पुरी मालिका बघा, पहिलं २००९ चं, 'द केस ऑफ द मिसिंग सर्व्हंट'. दिल्लीत खान मार्केटला ऑफिस, एजन्सीचं नाव मोस्ट प्रायव्हेट इन्व्हेस्टिगेटर्स. मालक जाडा, मिशाळ, खादाड पंजाबी, आणि माणसांना टोपणनावं ठेवलेली, ट्यूबलाइट, फ्लश, फेसक्रीम. रोजीरोटी लग्नाच्या चौकशांवरच, निवांतकाकांनी सांगितलं तसंच अगदी. लेखक इंग्रज आहे पण बराच सांभाळून लिहिलंय, आणि पुरीची मम्मीजी परस्पर तपास करत सुटते ते धमाल आहे. अडीच-तीनशे पानांत आटपतं, म्हणजे कंटाळा यांचीही सोय.

शांत काही हवं असेल तर अलेक्झांडर मॅक्कॉल स्मिथची बोत्स्वानातली लेडीज डिटेक्टिव्ह एजन्सी, १९९८ पासून चालू आहे, वीसच्या वर पुस्तकं झाली. बापाची गुरं विकून मा रामोत्स्वे ऑफिस टाकते. खून जवळपास नाहीतच, हरवलेले नवरे आणि खोटे बाप. रुईबॉसचा चहा इतक्या वेळा येतो की मी शेवटी आणून प्यायले, नाही आवडला.

मराठीत फेलूदा. सत्यजित राय यांच्या त्या गोष्टी अशोक जैनांनी मराठीत आणल्यात, रोहन प्रकाशनाने काढल्यात. ती एजन्सी नाही, पण फेलूदा, तोपशे आणि जटायू अशी तिघांची टोळी आहे, आणि पोरांबरोबर वाचता येतात. पुणे मराठी ग्रंथालयात विचारा, शिरवळकरही तिथे विचारून बघा, बाहेर जुने सुट्टे भाग मिळवायला फार फिरावं लागतं.

आणि सहाव्याबद्दल सदाशिव पेठींच्या उलट सांगते. मी चॅटची पानं पहिल्या वाचनात फक्त चाळली, स्ट्राइक-रॉबिन त्यावर बोलतात तेव्हा जे कळतं तेवढ्यावर गेले, आणि काही अडलं नाही. पुढे मुलीने कागदी पुस्तक आणलं तेव्हा तेवढीच पानं परत वाचली. मग कळलं की खुनी किती वेळा समोर येऊन गेला होता. दोन्ही मजा घेता येतात, आडमुठेपणा कशाला.


सदाशिव_पेठी:

आडमुठेपणा नाही, शिस्त म्हणतात त्याला.


हिशेबनीस:

विश पुरी नोंदवून ठेवलं. खान मार्केटचं भाडं त्याला परवडतं कसं हे पुस्तकात दिलंय का? तिथलं भाडं देशात सगळ्यात महागड्यांपैकी आहे.


टेकडीवरून_उशिरा:

तुम्ही आधी वाचा आणि मग ताळेबंद इथे टाका 🙏


वनाझ_ते_रामवाडी:

सगळ्यांचे आभार. ठरलं असं की ऑफिसातल्या एकीकडे सहाव्याची पेपरबॅक निघाली, सोमवारी आणतीये. वजन बघता मेट्रोत उभ्याने वाचणं जमणार नाही त्यामुळे ते घरी, आणि मेट्रोत विश पुरी. चॅट आधी चाळणार आणि टोपणनावांची यादी पण करणार, म्हणजे दोन्ही पार्ट्या खूश.

निवांत काका, इस्त्रीवाल्याचं वाचल्यापासून मी आमच्या इस्त्रीवाल्याशी फार जपून बोलतीये.


निवृत्त_पण_निवांत:

बोलून उपयोग नाही, तो कपडे बघतो.


कर्वेरोड_कंटाळा:

हजार पानं आणि वर यादी? एवढा वेळ असेल तर ठीक. नाहीतर खासगी मेसेज करा, सहाव्यातला खुनी एका ओळीत सांगतो, उरलेल्या वेळात पाच शिरवळकर होतील.


वनाझ_ते_रामवाडी:

खबरदार!! ब्लॉक करीन.